प्रेसल दाबा, एक मोजा

सोमवारी सकाळी नऊला मला जबलपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून हजर व्हायचं होतं. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मॅनेजरचा फोन आला आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो. घाई हा माझा जुना रोग. तो काय करू शकतो ते सांगायचं, तर आधी डोंगरातल्या एका पोस्टवर जावं लागेल.

मी सिग्नलचा माणूस. ट्रेनिंग जबलपूरलाच झालं आणि घर मदन महलला. म्हणजे घर हाकेच्या अंतरावर आणि जायची परवानगी नाही. रेडिओच्या हँडसेटवर बोलण्याचं बटण असतं, त्याला प्रेसल म्हणतात. दाबल्याबरोबर बोललं की पहिले शब्द पुढे जातच नाहीत. उस्ताद रोज ओरडायचे, "प्रेसल दबाओ, एक गिनो, फिर बोलो!" मी एक मोजत नसे, म्हणून शिक्षेच्या कवायतीचा रगडा सगळ्यात जास्त मलाच मिळाला.

पुढे नायक असताना माझी पोस्टिंग एका थंड नदीच्या वरच्या पोस्टवर झाली. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सहाला चहा, मग सेटची तपासणी, दर तासाला रिपोर्ट. चारनंतर एक तास मोकळा. त्या तासात बाकीचे पत्ते खेळत. हवालदार कुंदन नेगी मात्र काठी घेऊन नदीवर जायचा.

नेगी पहाडातला. त्याचे वडील साहेबलोकांना ट्राउट मासे पकडायला न्यायचे. ही मासेमारी मी कधी पाहिली नव्हती. गळाला आमिष नाही. गळाभोवती दोरा आणि पिसं गुंडाळून खोटी माशी बांधायची, तिला फ्लाय म्हणतात. पिसं लंगरातल्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातल्या, रविवारच्या कोंबड्यांची. दोरा फौजेकडून मिळणाऱ्या सुईदोऱ्याच्या बटव्यातला. त्या बटव्याला फौजेत हाउसवाइफ म्हणतात. माझी हाउसवाइफ नेगीनं पळवली, असं मी बायकोला पत्रात लिहिलं होतं. तिनं पुढच्या पत्रात खडसावून खुलासा मागितला.

मीही शिकायला लागलो. फ्लायला वजन नसतं, वजन दोरीला असतं. दोरी आधी मागे फेकायची, ती हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. मी थांबत नसे. दोरी माझ्याच टोपीत अडकायची.

"बोरकर, तू सिग्नल का आदमी है," नेगी म्हणायचा. "प्रेसल दबाके एक नहीं गिनता क्या? यहाँ भी गिन."

तो कधी चिडला नाही. पेन्शन झाली की गावात नदीकाठी एक खोली बांधायची आणि येईल त्याला हे शिकवायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. बायका, म्हातारे, कोणीही. मला विचारायचा, "तू क्या करेगा?" मी म्हणायचो, मिळेल ती नोकरी. त्यावर तो नुसता हसायचा.

त्या दिवशी नेगी पाच जणांना घेऊन गस्तीवर गेला होता. तीन चाळीसला ते परतत होते. पोस्टखाली लाकडी ओंडक्यांचा पूल होता. मी सेटवर होतो. वरच्या वळणावर पाणी एकदम मातकट झालेलं दिसलं, त्यात अख्खी झाडं होती. वर कुठेतरी ढग फुटला होता. दोन जवान पुलावर चढले होते. नेगी आणि बाकीचे तिघे अजून पलीकडच्या काठावर होते.

मी प्रेसल दाबला आणि दाबतानाच ओरडलो.

"अधूरा मिला," नेगीचा शांत आवाज आला. "दोबारा बोल. ओवर."

मी पुन्हा दाबला. एक मोजला. "पुल खाली करो. ऊपर से पानी आ रहा है. ओवर."

"रॉजर."

हे सगळं मला वरून दिसत होतं. त्यानं मागच्या तिघांना चढावर पिटाळलं. पुलावरचे दोघे मधोमध गोठल्यासारखे उभे होते. नेगी पुलावर धावला, त्यांच्या पाठीवरच्या पिट्ठूंना धरून दोघांना आमच्या काठावर ढकललं. त्याला स्वतःला एक पाऊल टाकायचं राहिलं होतं. पूल गेला.

नेगी दुसऱ्या दिवशी सापडला. चौकशीत साहेब म्हणाले, "तुम्हारी कॉल से पाँच जवान बचे हैं." मी "जी साब" म्हणालो. पण माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या कॉलमध्ये चार सेकंद गेले होते. चार सेकंदांत एक पाऊल टाकता येतं. नंतर मी ते घड्याळ लावून चालून पाहिलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा.

त्याचं सामान घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. वडिलांनी काठी आणि फ्लायची डबी माझ्याकडे परत सरकवली. "ये तुम रखो. उसने लिखा था, एक फौजी को सिखा रहा हूँ, बहुत जल्दबाज है, पर सीख जाएगा." तिथे मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता त्या रविवारची गोष्ट. उद्यापासून बारा तासांची ड्युटी, म्हणून शेवटचं नर्मदेवर जाऊन यावं असं ठरवलं. सुनंदा, माझी बायको, डबा घेऊन बरोबर आली. घाटावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, त्या बाजूला मी काठी काढतच नाही. परवाना काढून घाटांपासून दूर जातो. माशाला इजा नको म्हणून गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केलेला असतो आणि मिळालेला मासा सोडून देतो. नर्मदामाईची लेकरं परत दिलीच पाहिजेत, या अटीवर सुनंदानं हा नाद घरात येऊ दिला होता.

दोरी तीनदा गुंतली. सुनंदा दगडावर बसून बघत होती.

"काहून इतके चिडून राहिले?" ती म्हणाली. "उद्याचं मनात आहे ना?"

"हो म्हणून बसलो ना आता."

"तेच तर. मला विचारलं का? माझी शाळेची नोकरी आहे, तुमची पेन्शन आहे. नेगीभैया काय करणार होते, हे मला वीस वर्षांपासून सांगून राहिले तुम्ही. तुम्हाला काय करायचं आहे, हे एकदा तरी सांगितलं? जरा थांबून विचार करायला काय होतं हो?"

मी दोरी मागे टाकली. एक मोजला. दोरी पाठीमागे सरळ झाल्याचा हलका ओढा हाताला कळला, मग पुढे आणली. फ्लाय पाण्यावर हव्या त्या जागी उतरली. मासा लागला नाही. पण मला काय करायचं आहे ते मला कळलं, आणि छाती मोकळी झाली.

तिथूनच मॅनेजरला फोन लावला. त्यानं हॅलो म्हटल्यावर एक मोजला. "सर, माफ करना. मैं नहीं आ रहा." तो बराच बोलला. मी ऐकून घेतलं.

"चलो, आता जेवून घ्या," म्हणत सुनंदानं डबा उघडला.

याला आता दोन वर्षं झाली. आठवड्यातून चार दिवस लोक माझ्याकडे शिकायला येतात. एक बँकेतल्या बाई आहेत, एक निवृत्त डॉक्टर आहेत, सराफ्यातले दोघे सोनार भाऊ आहेत. फ्लाय बांधण्यात त्या भावांचा हात माझ्यापेक्षा बारीक चालतो. महिनाभर मी कोणाला गळ देत नाही, नुसती दोरी टाकायला लावतो. कुरकुर होते, पण येतात सगळे.

सहा वाजता नदीकाठी फॉल-इन होतो, सगळे रांगेत उभे राहतात. फौजी सवय, जात नाही. मी वही उघडून हजेरी घेतो. पहिलं नाव पुकारतो, "हवालदार कुंदन नेगी."

एक मोजतो. सगळे गप्प उभे असतात, फक्त पाण्याचा आवाज येतो.

मग पुढचं नाव घेतो.