आधी 'नाही', मग चहा

जमीलाबाई अत्तार यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या दारात झाली आणि त्या भेटीत मी धड एक वाक्यही बोललो नाही. धायरीहून सायकल मारत मी नुकताच क्लबात येऊ लागलो होतो. आमचे फुटबॉलचे प्रशिक्षक अत्तारसर बॉलमध्ये हवा भरायचा पंप घरी विसरले होते आणि तो आणायला त्यांनी मला घोरपडे पेठेत पिटाळलं होतं. दार उघडलं ते ऑफिसला निघालेल्या, खांद्याला पर्स आणि हातात डबा अशा बाईंनी. "सरांनी पंप मागितलाय," एवढं मी पुटपुटलो. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंयस का? तू मैदानावर चक्कर येऊन पडलास तर सर मला बोलावणार आणि माझी रजा शिल्लक नाही." पंपाबरोबर त्यांच्या डब्यातली एक पोळी गुळाच्या खड्यासह माझ्या हातात आली.

त्या दिवसापासून त्या माझ्या चाची झाल्या. क्लबातल्या सगळ्याच मुलांच्या त्या चाची होत्या. ऑफिसात मात्र त्यांना 'अत्तारबाई' म्हणत.

चाचींचं ऑफिस म्हणजे टेलिफोनची कचेरी आणि खिडकी नवीन जोडणीची. घरी फोन येण्यासाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्या काळातली ही गोष्ट. वाट बघणाऱ्याला 'नाही' सांगायचं, हेच चाचींचं काम. त्यांच्या शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ 'बघू, पुढच्या महिन्यात या' असं सांगून माणूस वाटेला लावत. चाचींना ते बिलकुल मान्य नव्हतं. एकदा नारायण पेठेतले एक आजोबा चौकशीला आले होते. चाचींनी कागद बघून सांगितलं, "तुमचा नंबर या वर्षी लागणार नाही. पुढच्या वर्षीही लागेल असं धरून चालू नका." आजोबा म्हणाले, "म्हणजे नातवाच्या मुंजीचं आमंत्रण आम्ही पोस्टानेच धाडावं, असं आपलं म्हणणं." चाची शांतपणे म्हणाल्या, "मुंजीचं पोस्टाने धाडा. लग्नाचं फोनवर करा." मग त्यांनी आजोबांना आतल्या बाकावर बसवून चहा मागवला. हे आजोबा पुढे नुसतेच गप्पा मारायला येऊ लागले, असं त्यांचे सहकारी सांगतात.

घर, नोकरी आणि सरांचा फुटबॉल या तिन्ही गोष्टी चाचींनी कशा सांभाळल्या, असं त्यांना विचारण्याची सोय नाही. "सांभाळल्या कुठे? जी हातातून सुटायची ती सर पकडायचे," असं त्या म्हणतात. त्यांचा मुलगा रियाज तान्हा असताना चाचींची सकाळची पाळी असली की सर त्याला मैदानावर आणत आणि गोलाच्या जाळीमागे चादर अंथरून ठेवत. लोकांनी चाचींना विचारलं, की बाई, तुम्हाला भीती वाटत नाही का? त्यावर त्यांचं उत्तर क्लबात आजही सांगितलं जातं. "मी स्वतः उभी राहून बघितलंय. यांच्या पोरांचा बॉल त्या जाळीपर्यंत कधी पोचतच नाही."

पण चाचींचं क्लबातलं खरं काम वेगळंच होतं. अत्तारसर म्हणजे मैदानावरचा वाघ. त्यांच्या शिट्टीला आम्ही सगळे टरकून असायचो. मात्र एखाद्या मुलाला 'तू उद्या संघात नाहीस' हे सांगायची वेळ आली, की सरांची वाचा बसायची. एकदा एक मुलगा मैदानावर पोशाख चढवून, वडिलांना सोबत घेऊन आला आणि आपण अकरा जणांत नाही हे त्याला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. घरी हे ऐकल्यावर चाची सरांना म्हणाल्या, "हे पुन्हा होता कामा नये. तुम्हाला सांगता येत नसेल तर मी सांगत जाईन. मला रोज तेवढंच काम असतं."

तेव्हापासून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी एखाद्याला निरोप यायचा: "चाचींनी चहाला बोलावलंय." हे तीन शब्दांचं बोलावणं ऐकून धट्टीकट्टी पोरं घाबरायची. चाचींची पद्धत ठरलेली होती. मुलगा खुर्चीत टेकला की त्या समोर बसून आधी 'नाही' सांगायच्या, कारण सांगायच्या आणि मग चहा ठेवायला उठायच्या. चहा आधी का देत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "आधी दिला तर माणूस तो आशेवर पितो. मग त्याला चहाचाही राग येतो."

माझ्यावर ही वेळ आली ती नेमकी नको त्या सामन्याला. आमच्या घरी वांग्याचं वावर होतं आणि वडिलांनी मला एक वर्षाची सवलत दिली होती. "वरीसभर खेळ. खेळावर नोकरी लागली तर बरं हाय, न्हाय तर गुमान वावरात यायचं," असं त्यांनी बजावलं होतं. वर्ष संपत आलं होतं आणि त्या सामन्याला एका कारखान्याचे लोक आपल्या संघासाठी खेळाडू निवडायला येणार होते. निवड म्हणजे नोकरी. मी डाव्या बाजूला खेळायचो. त्याच जागेवर खेळणारा दुसरा मुलगा होता रियाज, चाचींचा रियाज. आणि आदल्या संध्याकाळी चहाचं बोलावणं मला आलं.

घोरपडे पेठेतल्या त्या बाहेरच्या खोलीत मी बसलो. सर आतल्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. चाची समोर बसल्या. "उद्या तू खेळणार नाहीस. तुझ्या जागी रियाज खेळेल," त्या म्हणाल्या. "आता पुढचं ऐक, कारण ते तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सरांनी आधी तुझं नाव घातलं होतं. रियाजला हे सांग, म्हणाले. मी विचारलं, तो खेळात कमी पडतो म्हणून का? तर म्हणाले, नाही, लोक बोलतील म्हणून. मग मी म्हटलं, हा निरोप माझ्याकडून जाणार नाही. खेळात कमी असेल त्याला मी नाही सांगेन, मग तो माझा असो की कुणाचा. लोकांच्या तोंडाला घाबरून कुणालाही सांगणार नाही. रात्रभर विचार करून सरांनी आज नाव बदललं."

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "चाची, रियाज तुमचा मुलगा आहे. तुम्ही हेच म्हणणार," मी बोलून गेलो. आतलं वर्तमानपत्र खाली आलं. चाचींचा आवाज मात्र बदलला नाही. "बरोबर आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. उद्या ये आणि माझ्या शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तुला वाटलं की तू बरा होतास, तर सगळ्यांसमोर सांग. मी ऐकून घेईन." मग त्या चहा ठेवायला उठल्या. मी तो प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी चाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून मैदानावर आल्या. नोकरीमुळे त्यांना सामने क्वचितच बघायला मिळत, तेव्हा मी खवचटपणे म्हणालो, "पोराचा खेळ बघायला रजा घेतलीत वाटतं." त्या म्हणाल्या, "नाही. तुझ्या शेजारी बसायला घेतली."

खेळ सुरू झाला. खरं सांगायचं तर मध्यंतरापर्यंत मला पुरतं पटलं होतं. समोरचा बचावपटू उंच होता आणि मी असतो तर त्याच्या अंगावरच गेलो असतो. रियाज त्याला बाहेर ओढून आत पास देत होता. मी हे सगळं चाचींना सांगत सुटलो, कारण त्यांना खेळातलं फारसं कळत नसे. तो बघा, आता मागे फिरेल. आता हा चुकणार. त्या ऐकत होत्या, मधूनच शंका विचारत होत्या. सामना संपला, रियाजची निवड झाली आणि माझी सवलत संपली. घरी जाऊन काय सांगावं ते सुचेना, आणि ते मी चाचींना बोलून दाखवलं.

त्यानंतर जे झालं ते मी कधीही विसरणार नाही. लगेचच्या रविवारी चाची आणि सर बसने धायरीला आमच्या घरी आले. वडील ओट्यावर बसले होते. चाचींनी चप्पल काढता काढताच सांगितलं, "तुमच्या मुलाला कारखान्यात नोकरी लागली नाही. ती माझ्या मुलाला लागली. आता चहा द्या, म्हणजे पुढचं बोलते." आई आत पळाली. चहा आल्यावर चाची म्हणाल्या, "हा खेळतो ठीक. पण खेळ बघतो फार चांगला. परवा पूर्ण सामना याने मला समजावला आणि मला पहिल्यांदा समजला. सर याला लहान मुलांना शिकवायला घेताहेत. अजून एक वर्ष द्या." वडिलांनी बराच वेळ बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले, "बाई, तुमी न्हाय म्हनता, पर मानूस तुमच्या म्होरनं उठत न्हाय. घ्या आनि एक वरीस."

त्या एका वर्षावर माझं आजवरचं आयुष्य उभं आहे. मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, शाळेत नोकरीला लागलो आणि सर निवृत्त झाल्यावर त्यांनी शिट्टी माझ्या हाती दिली. पेठेत अर्थातच कुजबुज झाली होती, की अत्तारबाईंनी पोराला चिकटवला. चाचींनी त्यावर चकार शब्द काढला नाही. मला मात्र जो कोणी विचारी त्याला मी सांगत असे, की मी जवळून बघितलंय, रियाजच बरा होता. आणि मुलांना संघातून वगळायची वेळ आली की मी स्वतः सांगतो, घरी बोलावून सांगतो, आधी सांगतो. माझी बायको चहा मागाहूनच आणते.

सरांच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांचा गौरवग्रंथ काढला होता. त्यात चाचींवर एकच ओळ होती, 'पत्नीची मोलाची साथ लाभली.' ती वाचून चाची म्हणाल्या होत्या, "साथ पेटीवाला देतो." तेव्हाच आम्ही ठरवलं, की चाचींची पंचाहत्तरी आली की पूर्ण पुस्तक त्यांच्यावर काढायचं. यंदा आम्ही चौघे-पाच जण तसं विचारायला गेलो. चाची म्हणाल्या, "विचार करते. उद्या चहाला या."

आमचे चेहरे पडले. आमच्यातले काही जण आता आजोबा झालेत, एक निवृत्त फौजदार आहे, पण ते बोलावणं ऐकून आम्ही सगळे पुन्हा पोरं झालो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलो. रियाजही आला होता. चाची बाहेर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि तशाच आत वळल्या. पाचेक मिनिटांनी पडदा सरकला आणि पुढे चाची, मागे बिस्किटांची बशी सावरत सर असे दोघे आले. चाचींच्या हातात ट्रे होता. चहा आधी आला होता. रियाजने पहिला कप उचलून माझ्या हातात दिला.

चाची, आपण आणि सर आम्हाला असेच धडधाकट हवे आहात, अजून पुष्कळ वर्षं. पुढेमागे वरून कुणी बोलावणं घेऊन घोरपडे पेठेत आलंच, तर आपण त्याला खुर्चीत बसवावं, समोर बसावं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगावं, की तुमचा नंबर या वर्षी लागणार नाही आणि पुढच्या वर्षीही लागेल असं धरून चालू नका. मग त्याला चहा द्यावा आणि बसमध्ये बसवून द्यावं.