विहिरीतून काढलेलं इंजन

वाटणीत ते इंजन आमच्याकडं आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. परतूरजवळच्या आमच्या शेतात, गोठ्यामागं ते वर्षानुवर्षं गंजत पडलेलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला भंगारातही जाऊ दिलं नाही. म्हणायचे, "खुनी हाय ते. दुसऱ्याच्या दारी कशाला पाठवायचं?"

खून कुणाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा आबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं इंजन दोरखंडानं आत उतरवलं आणि तळाजवळच्या कट्ट्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी काका ते बंद करायला उतरले ते जिवंत वर आलेच नाहीत. आत धूर कोंडला होता. इंजनातच खोट होती, ते भलतीकडूनच धूर सोडायचं, असं आबा तेव्हापासून सांगत आले.

यंदा आबांच्या दम्यानं उचल खाल्ली. मी जालन्याला एमआयडीसीत फिटर. सुट्टीला गावी गेलो तर बाजेवरून म्हणाले, "तू रोज मशिनी खोलून राह्यला ना? मंग ते बी खोल. चालू कर. त्याच्यात काय खोट होती, तेवढं मला एकदा कळू दे." मला चीड आली. आता उकरून काय मिळणार होतं? पण त्यांच्या छातीतली घरघर ऐकली आणि पाना घेऊन बसलो.

इंजनावरची पाटी कधीच गायब झालेली. रॉकेलनं घासघासून काळं काढलं, तेव्हा बॉडीवरची ओतीव अक्षरं दिसली, तीही निम्मी गंजानं खाल्लेली. कंपनीचं नाव काही लागेना. मग दोन्हीकडची जड चाकं आणि डिझेल फवारणाऱ्या नोजलची ठेवण बघून एवढं ठरवलं, की हे जुन्या चालीचं, सावकाश फिरणारं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजन. त्याच जातीचा नोजल बदनापूरला एका भंगारवाल्याकडं मिळाला.

वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवताना मनात म्हणलं, तडकलेलं निघू दे रे बाबा, आबा म्हणतात ती खोट तरी सापडेल. हेड बिलकुल शाबूत होतं. धूर अडवणारं त्याखालचं गॅस्केटही धड. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या होत्या, पण त्या नुसतं पडून राहिल्यानं. मग धुराच्या पाईपाकडं लक्ष गेलं. विहिरीच्या काठावर जायला पाहिजे तो पाईप वीतभरच उरला होता, आणि त्याच्या तोंडावर करवतीचे ओरखडे होते.

कापून काढलेला बाकीचा पाईप मी जन्मभर बघत आलो होतो. गोठ्याच्या कोपऱ्यात पत्र्याला टेकू म्हणून उभा होता. आत बोट घातलं तर काजळी लागली. उतरवताना पाईप विहिरीच्या भिंतीला अडला असणार, म्हणून कापला. मागून जोडू की सावकाश, असं आबा म्हणले असतील. आमच्या घरात सगळ्या कामांना हेच उत्तर असतं.

पुढच्या सुट्टीत नव्या रिंगा टाकून अंगणात हँडल मारलं. दोनदा फुसफुसलं, मग इंजनानं ठेका धरला. आबा बाजेवर ताठ बसले.

"काय निघालं?"

"गॅस्केट गेल्तं," मी म्हणलं. "तिथून धूर मारत असंल."



"गॅस्केट मी त्याच आठवड्यात नवीन बसवल्तं," ते म्हणाले. "पाईप कुणी कापला, तुझ्या काकूला ठावं हाय. तुझ्या आईला बी ठावं होतं. मला कुणीच कायी म्हणलं न्हाई. वाटलं, तू तरी तोंडावर सांगशील."

मला इतकी लाज वाटली, की मान वर होईना. आबा भिंतीला धरून उठले, डिझेलचा कॉक बंद केला आणि चाकं थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले.