जिथं लाट फुटत नव्हती

देवानं तुला वाचवलं, असं आमच्या पवनीत अजून कुणी म्हणालं की मी नुसती मान हलवते. वाद घालायचं त्राण उरलेलं नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षी पुरीहून परतल्यावर कित्येक महिने मी देवघराकडे पाठ करूनच बसत असे.

जगन्नाथाचं दर्शन डोळे भरून झालं होतं. कार्तिकात आम्ही वैनगंगेत द्रोणातला दिवा सोडतो, तसा समुद्रातही सोडावा, असं माझ्या नवऱ्याच्या मनात आलं. जागा त्यांनीच शोधली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला एक पट्टा तेवढा सपाट होता. "इथं पानी शांत हाये, दिवा इझनार नाई," ते म्हणाले. नदीकाठच्या माणसाला सपाट पाणी दिसलं की घाटच वाटतो. समुद्रात तेच पाणी माणसाला आत ओढून नेतं, हे वैनगंगेनं आम्हाला कधी शिकवलं नव्हतं.

कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकली आणि आम्ही दोघंही आत जाऊ लागलो. मी जगन्नाथाला हाका मारल्या. आली ती फळीवर उभी राहून लाटांशी खेळणारी एक अनोळखी बाई. तिनं मला फळीवर ओढून घेतलं आणि यांना हिंदीत ओरडून सांगितलं की सरळ किनाऱ्याकडे येऊ नका, आधी किनाऱ्याला समांतर असं बाजूला पोहा. पण यांनी जन्मभर नदीत सरळ थडीकडेच, काठाकडेच हात मारले होते. ते सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिले आणि तरीही मागे मागेच जात राहिले. मला वाळूवर ठेवून ती पुन्हा आत गेली. परतली ती एकटीच.

घरी आल्यावर शेजारणी सासूबाईंची समजूत घालत होत्या की सुनेला तरी देवानं राखलं. सासूबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "इले राखलं, मंग माह्या पोराले काहून नाई?" मला त्यांचा राग यायला हवा होता. पण माझ्या मनातलंच कुणीतरी बोललं, म्हणून उलट बरं वाटलं.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिच्यासाठी मी रोज हात जोडते, अगदी मनापासून. आता देवापुढेही बसते, सासूबाईंच्या शेजारी. पाण्याशी झोंबणं सोडून त्या फळीवर अंग टाकलं, तेव्हाच मी तरले. शरण जाणं म्हणतात ते हेच असेल. तशी मी शरण गेले आहे. पण म्हणून मी त्याला माफ केलं, असं मात्र देवानं समजू नये.