करवलीचा ताप

भावाच्या लग्नाची तारीख ठरली त्या दिवशी आईने बोटांची पेरं मोजली. ती माझी पाळी मोजत होती. मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. हातात कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागे उभं राहायचं, हळदीला पुढे, देवाच्या पाया पडायला पुढे. आणि पेरं मोजून झाल्यावर निघालं की माझी तारीख नेमकी लग्नाच्या तोंडावर येतेय. आईने मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली. डॉक्टरला विचारायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं. आमच्याकडे लग्नाच्या खरेदीत बांगड्या, पिना, टिकल्या यांच्याबरोबर ही गोळीही येते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गोळीने दगा दिला. हळदीच्या दिवशी सकाळीच मला पाळी आली.

खरं तर तेव्हाच आईला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला पाठ होतं. मला मागच्या खोलीत बसवलं असतं, कऱ्हा चुलतबहिणीच्या हातात गेला असता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईने 'करवली कुठं हाय?' म्हणून विचारलं असतं. उत्तर सगळ्यांना कळलं असतं. मग पुढे नव्या वहिनीच्या पायाला ठेच लागली तरी ती माझ्या नावावर जमा. मला या सगळ्याची चीड येत होती आणि भीतीही तितकीच वाटत होती. शिवाय माझ्याकडे टॅम्पॉन होते, पाळीत आत घालायचे कापसाचे बोळे.

त्या वर्षी मी पोलीस भरतीची तयारी करत होते. आमचं घर भवानीनगरजवळ, पण मी बारामतीत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे आणि पहाटे मैदानावर धावायचे. पॅड लावून धावलं की मांड्या सोलवटून निघायच्या. मैत्रीण पोहणारी होती, तिनेच मला टॅम्पॉन शिकवला. हात साबणाने धू, एक पाय बादलीवर ठेव, अंग सैल सोड, आणि सरळ वर ढकलू नकोस, कमरेच्या दिशेने, तिरका. टोचलं तर समज की पुरेसा आत गेला नाही. दोरा बाहेर राहू दे. लग्न झालेलं नसताना असलं काही वापरलं की 'काहीतरी जातं' असं मी ऐकून होते. काही जात नाही, फक्त सुखाने धावता येतं, हे मला आठवड्याभरात कळलं. खोक्यातली माहितीची घडी मात्र मी न वाचताच खोक्यासकट फेकून दिली. घरी कुणाच्या हाती लागू नये म्हणून सुटे टॅम्पॉन पायमोज्यात भरून आणायची माझी पद्धत होती.

लग्न इंदापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. बायकांसाठी एक खोली, तिला एक न्हाणीघर, त्याला कडी नाही. बाहेर मावश्या आणि आत्या मला साडी नेसवायला उभ्या. दोरा लोंबताना दिसेल म्हणून मी घाबरले आणि गजरे कापायला ठेवलेल्या कात्रीने तो आखूड कापला. परकराच्या आत कोण डोकावणार होतं, हा प्रश्न मला आज पडतो, तेव्हा पडला नाही. अक्षता पडल्या, मी कऱ्हा घेऊन ताठ उभी राहिले, फोटोत छान हसले. रात्री घरी आल्यावर तो काढायला गेले तर दोरा हाताला लागेना. दिवसभर इतकी धावपळ झाली होती की कुठेतरी पडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दुसरा घातला. सकाळी लग्नानंतरच्या पूजेच्या आधी तो दुसरा व्यवस्थित निघाला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की आत काही नाही. पुढे पॅड वापरले आणि विसरून गेले.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी ताप भरला. उलट्या, जुलाब, अंग मोडून आलेलं. जवळच्या डॉक्टरांनी उन्हाचा आणि लग्नातल्या जेवणाचा त्रास म्हणून सलाईन लावलं. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. करवली फार नटली होती, कुणाची तरी नजर लागली, असं सगळ्या म्हणाल्या. मला मात्र पक्कं ठाऊक होतं हे कशाचं आहे. विटाळात कऱ्हा धरला, पूजेचा प्रसाद वाटला, त्याची ही शिक्षा. शिकलेली पोरगी, सामान्य ज्ञानाची पुस्तकं तोंडपाठ, आणि तापात मी देवाची माफी मागत पडले होते.

संध्याकाळी अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली आली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मला बारामतीला नेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझे लाल डोळे पाहिले, तळहात पाहिले, आणि विचारलं, "पाळी कधी आली होती?"

"आली न्हाय अजून," आई म्हणाली. "लगीन हुतं म्हणून म्याच गोळी दिली. थांबलीया."

"मी तिला विचारतेय."

"अवो, मला म्हाईत हाय की. माझ्यापासनं काय लपतंय तिचं?"

आई माझ्या पायथ्याशी उभी राहून गार पडलेले पाय चोळत होती. मी छताकडे पाहत होते. गप्प राहिले तर सगळं झाकलं जाणार होतं. भावाचं लग्न निर्विघ्न झालं असंच सगळे म्हणाले असते, आणि मी बरी झाले असते किंवा नसते. हा विचार मी खरोखर केला, शुद्धीत असताना केला. तेवढ्यात नर्सने हाताचा पट्टा सोडला आणि रक्तदाब आणखी खाली गेल्याचं हळू आवाजात सांगितलं. तिचा चेहरा पाहून मला मरणाची भीती वाटली.

"आली होती," मी म्हणाले. "हळदीदिवशी."

माझे पाय चोळणारे हात थांबले.

मग टॅम्पॉनचंही सांगितलं, कापलेल्या दोऱ्याचंही. आई ते सगळं ऐकत उभी होती. बाईंनी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि आत अडकलेला तो बोळा चिमट्याने काढला. खोलीत इतका वास सुटला की लाजेने मला रडू फुटलं. "रडू नकोस," बाई म्हणाल्या, "सांगितलंस म्हणून आता काही करता येईल." अतिदक्षता विभागात ठेवलं, शिरेतून औषधं सुरू झाली. आत राहिलेल्या टॅम्पॉनमुळे जंतूंचं विष रक्तात भिनतं, क्वचितच होतं पण होतं तेव्हा वेळ देत नाही, हे त्यांनी मला नंतर समजावलं.

मी आजही टॅम्पॉन वापरते. त्याचा काही दोष नव्हता. फक्त चार-सहा तासांनी बदलते, आठच्या पुढे कधीच जाऊ देत नाही, झोपताना पॅड लावते, रक्तस्राव कमी असेल तेव्हा लहानातला लहान घेते. पहिला निघाल्याशिवाय दुसरा घालत नाही. सापडला नाही तर 'पडला असेल' असं म्हणत नाही, दवाखान्यात जाते. दोऱ्याला कात्री लावत नाही. मैदानावरच्या पोरी विचारतात तेव्हा हेच सांगते, आणि वापरत असताना ताप, उलटी, चक्कर, अंगावर लाली, यातलं काही झालं तर आधी तो काढा आणि डॉक्टरला पहिलं वाक्य तेच सांगा, असं चारचौघांत मोठ्याने सांगते. काही जणी इकडेतिकडे बघतात. बघू देत.

दवाखान्यातल्या त्या दिवसांत आई मला एक शब्द बोलली नाही. दूध उतू गेलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई. मी रोज वाट पाहायचे की आज फुटेल, आज म्हणेल, माझ्या लेकाच्या लग्नात विटाळ कालवलास. ती पेज भरवायची, तोंड पुसायची. भेटायला आलेल्यांना 'ताप हुता, उतरला' एवढंच सांगायची.

घरी सोडायच्या दिवशी ती माझे केस विंचरायला बसली. लग्नाच्या अंबाड्यातल्या दोन पिना अजून गुंत्यात अडकल्या होत्या. त्या सोडवता सोडवता ती म्हणाली, "डॉक्टरीण म्हणत हुती, अजून उशीर झाला असता तर हाताला लागली नसतीस. तुला कळत हुतं का तसं?"

"वाटत होतं."

"आन् तरी गप ऱ्हायलीस."

तिने सोडवलेली पिन माझ्या हातात दिली.

"म्हंजी मरणापरीस माझंच भ्या जास्त वाटलं व्हय गं तुला?"

कंगवा केसांत तसाच थांबला. नाही म्हणणं सोपं होतं, आणि आजारातून उठलेल्या मुलीचं ते खोटं तिने मुकाट्याने घेतलं असतं.

"व्हय," मी म्हणाले.

आईने माझ्या अर्धवट विंचरलेल्या डोक्यावर कपाळ टेकलं आणि ती रडायला लागली.