ताईंचं थोडं

शेवटचं बोलणं झालं ते धंतोलीतल्या दवाखान्यात, सकाळी. मी घरून तांदळाची पेज करून नेली होती. सुमनताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, उशी पाठीशी घेऊन बसल्या होत्या. केस मीच विंचरून दिले होते, त्यांना ते मोकळे आवडायचे नाहीत म्हणून. "थोडी तरी घ्या," मी म्हटलं. "थोडीच दे," त्या म्हणाल्या. चार चमचे पोटात गेले असतील नसतील, तर सुई टोचलेला हात त्यांनी हळूच उचलला आणि वाटीवर आडवा धरला. मी वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तू थोडं घरी जाऊन ये वं. थकून गेली तू. अन् यायच्या जेवणाकडे थोडं पाहजो." यायच्या म्हणजे त्यांच्या यजमानांच्या. मी घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून चहाचं आधण ठेवलं, आणि निखिलचा, ताईंच्या मुलाचा, फोन आला. "काकू..." एवढंच म्हणाला तो. मी गॅस बंद केला आणि तिथेच खुर्चीवर बसले. रडू आलं नाही. दवाखाना, ऑटो, डबे, तपासण्या, पुन्हा दवाखाना, यात अंगात रडण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. पहिला विचार आला तो हाच, की सुटल्या बिचाऱ्या. आणि दुसरा, की आता मलाही झोपता येईल.

झोप काही आली नाही, ती गोष्ट वेगळी. डोळे मिटले की त्यांचं ते "थोडं" कानात वाजायचं. त्या शेवटच्या चार वाक्यांतही ते तीनदा आलंच ना. या एका शब्दाशी मी पस्तीस-छत्तीस वर्षं झटापट केली आहे. लग्न होऊन मी तांडापेठेतल्या घरात आले तेव्हा तिथे पुढच्या खोलीत माग होता आणि उरलेल्या जागेत माणसं. सासरे मागावर बसताना म्हणायचे, "थोडं विणून घेतो," आणि उठायचे ते दिवे लागल्यावर. त्यामुळे ताईंनी तो शब्द सासरच्यांकडून घेतला की कुहीजवळच्या आपल्या माहेराहून आणला, हे मला कधी कळलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "वसू, थोडं सांबार निवडून देतं का?" सांबार म्हणजे आमच्या नागपूरची कोथिंबीर. मी हौसेनं पाट घेऊन बसले, तर समोर गोणपाटावर ढीग आणून ओतला. शेजारच्यांकडे बारसं होतं आणि वड्यांचं काम ताईंनी अंगावर घेतलं होतं. मी त्या ढिगाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हे थोडं?" "मंग? थोडंच तर आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं निवडायला बसल्या.

हळूहळू मी शिकले. "थोडं थांब" म्हणजे पर्स खाली ठेवून बसायचं. "थोडं पुढेच आहे घर" म्हणजे रिक्षा करायची. एखाद्या मुलीबद्दल "ती थोडी तशी आहे" म्हणाल्या की ते स्थळ मनातून काढून टाकायचं. "थोडं काम होतं वं तुह्याकडे" असं फोनवर आलं की त्या दिवशी ऑफिसातून रजा टाकलेलीच बरी. आणि कुठल्या भांडणात "मी थोडीच म्हटलं तसं!" असं उसळून बोलल्या की अगदी तसंच म्हटलेलं असायचं. मी चिडायची. मी वीज कार्यालयात नोकरी करणारी बाई, मला घड्याळाची सवय. एकदा वैतागून म्हणालेसुद्धा, "ताई, तुमच्या शब्दकोशात पुष्कळ हा शब्द आहे की नाही?" त्या पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "पुष्कळ म्हटलं तर माणूस भिऊन पळून जाते वं." आणि हसल्या. तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

जेवणाच्या वेळी मात्र त्या शब्दाला आमच्या घरात एक कायदाच होता. सासूबाईंनी घालून दिलेला आणि ताईंनी पुढे चालवलेला. ताटावर बसलेल्या माणसानं मागायचं नाही. वाढायला आलं की "थोडं" म्हणायचं. हे म्हणणं म्हणजे नमस्कारासारखं, त्यानं काही ठरत नाही. वाढणाऱ्यानं वाढायचं, ते संपलं की पुन्हा जायचं, पुन्हा "थोडं" ऐकायचं आणि पुन्हा वाढायचं. माझी पहिल्या वर्षी फार फजिती झाली. ताईंच्या माहेरच्या एका लग्नात मला भाताचं पातेलं दिलं. लोक "थोडं थोडं" म्हणत गेले, मी थोडं थोडं वाढत गेले, आणि पातेलं भरलेलंच परत आणलं. ताईंनी कपाळाला हात लावला. "तोंडाचं नाही ऐकाचं वं, हाताचं पाहाचं! हात ताटावर आडवा आला का समजाचं, माणूस जेवला." मग मला मागे ठेवून स्वतः निघाल्या. त्या पंगतीतून अशा फिरल्या, की प्रत्येक हात आडवा येईपर्यंत पुढे सरकल्या नाहीत.

आमचे दादा, म्हणजे ताईंचे यजमान, या कायद्यात वाढलेले. वर्कशॉपमध्ये फिटर होते. आडव्या हाडाचे, बोलायला अगदी कमी. ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी थेट बोलत नाही, त्यांच्या पुढ्यात फारशी येत नाही. मी नोकरीवर जाणारी असले तरी घरात हे पाळलं, आणि मग त्याची सवयच झाली. त्यांना काही सांगायचं तर ताईंना सांगायचं, त्यांचं काही यायचं तर ताईंकडून. पुढे तांडापेठ सोडून आम्ही नागपूरच्याच बेसा भागात एकाच इमारतीत वरखाली फ्लॅट घेतले, तरी हा रस्ता बदलला नाही. दादांना वाढायचं तेही ताईंनीच. ते "थोडं" म्हणायचे, ताई वाढायच्या. पुन्हा "थोडं", पुन्हा वाढायच्या. कधी तिसऱ्यांदा, कधी चौथ्यांदा तो जाड बोटांचा हात ताटावर यायचा. एवढ्या वेळात दोघांत एकही जास्तीचा शब्द व्हायचा नाही.

गेल्या वर्षी ताई म्हणायला लागल्या, "पोटात थोडं दुखून राहिलं." मी त्याच दिवशी त्यांना ऑटोत घातलं. निखिल म्हणाला, "काकू, आई म्हणते थोडंच आहे, रविवारी जाऊ." मी म्हटलं, तुझी आई थोडं म्हणते म्हणूनच आज जाऊ. धंतोलीत डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखणं किती? कमी, मध्यम, की खूप?" ताई म्हणाल्या, "थोडं." डॉक्टर लिहायला लागले. मी त्यांचा पेन थांबवला. म्हटलं, डॉक्टर, यांचं थोडं म्हणजे तुमचं खूप, तसंच लिहा. ते हसले, पण लिहिलं तसंच. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. दुखणं आतून आधीच फार पुढे गेलेलं होतं. ताईंना ते आमच्या आधी कळलं असावं, कारण नंतर त्या एकदाही विचारेनात, की कधी बरं वाटणार. मी विचारायची, "आज कसं आहे?" त्या म्हणायच्या, "आहे थोडं." आणि मी नर्सला बोलावून इंजेक्शन द्यायला सांगायची. आम्हा दोघींचं हे असं चालायचं. मला त्यातलं समजत होतं याचं थोडं समाधान आहे. बाकी सगळ्याचा थकवाच.

तेरवी झाली. येणारे म्हणत होते, थोडा धीर धरा, थोडं खाऊन घ्या, थोडे दिवस जाऊ द्या. हा शब्द सगळेच वापरतात, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. पाहुणे गेले, मांडव उतरला आणि मी माझ्या घरात जाऊन पडून राहिले. गुडघे सुजले होते. खाली मृणाल होती, निखिलची बायको. घरून काम करते, समजूतदार मुलगी, सासऱ्यांचं सगळं वेळच्या वेळी करणारी. म्हणून मी निर्धास्त होते. पण दादा जिन्यात दिसले की शर्ट आदल्या वेळेपेक्षा सैल वाटायचा. गळ्याच्या शिरा वर आल्या. निखिल त्यांना पुन्हा त्याच धंतोलीत घेऊन गेला. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, बायको गेल्यावर म्हातारे असे खचतात. झोपेची गोळी दिली, टॉनिक दिलं. आमचे हे वर येऊन म्हणाले, "दादा काही यातून निघत नाही गं. वहिनीच्या मागेच जाईल." मी ऐकलं आणि कूस बदलली. आणखी एक दवाखाना माझ्याच्यानं होणार नव्हता, खरं सांगते.

ताईंना जाऊन महिना झाला त्या दिवशी त्यांच्या नावानं पान काढायचं होतं म्हणून मी खाली जेवायला गेले. मृणालनं मोबाइलवर पाहून गोळाभात केला होता. ताईंचा हातखंडा पदार्थ. डाळीचे गोळे भातात कुस्करून वरून लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल. वास अगदी तसाच आला होता. हे आणि निखिल बाहेर नैवेद्य ठेवायला गेले होते. दादा टेबलाशी बसले होते. मृणालनं प्रेमानं विचारलं, "बाबा, भात देऊ?" दादा म्हणाले, "थोडा." तिनं डावाच्या टोकानं, नैवेद्याला ठेवतात तेवढा भात वाढला. दादांनी तो खाल्ला, ताट बोटानं निपटून पुसल्यासारखं केलं. "आणखी देऊ?" "थोडा... राहू दे बेटा." "बरं," ती म्हणाली आणि पातेलं आत घेऊन गेली. तिच्या माहेरी कुणाला बळजबरी वाढणं असभ्य समजतात, माणूस बोलला की त्याचं ऐकतात. त्यात वावगं काहीच नाही. पण दादा उठले नाहीत. रिकाम्या ताटाकडे पाहत बसून राहिले. मी दाराशी उभी होते, आणि माझी नजर त्यांच्या हातावर गेली. उजवा ताटाच्या कडेला होता. डावा मांडीवर होता. कुठलाच हात आडवा आलेला नव्हता.

हा माणूस खचला नव्हता. हा माणूस महिनाभर उपाशी उठत होता.

मी आत गेले, मृणालच्या हातातलं पातेलं घेतलं. पदर सारखा केला. इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "दादा, भात?" त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "थोडा." मी दोन डाव वाढला, वरून तेल सोडलं. ते खाली मान घालून जेवले. मी पुन्हा गेले. "थोडा." पुन्हा वाढला. तिसऱ्या वेळी डाव ताटावर नेला आणि तो जाड बोटांचा हात आला, आडवा. माझेच डोळे भरून आले, म्हणून पातेलं घेऊन मी बाजूला झाले. मृणाल ओट्याशी उभी राहून पाहत होती. "काकू, म्हणजे इतके दिवस ते..." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं का नाही मला?" दादा ताटावरून उठत होते. म्हणाले, "मागून घ्याचं कसं बेटा?" बेसिनशी हात धुतले, पंच्याला पुसले, आणि जाता जाता थांबले. "तिले समजे..." एवढंच बोलले. ताई गेल्यापासून त्यांच्या तोंडून आलेला ताईंचा तो पहिला उल्लेख होता.

मृणाल रडली. मी रडू दिलं. तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, तू ऐकलंस. आमच्याकडे ऐकून वाढत नाहीत. मग तिला ते कुहीच्या लग्नातलं पातेलं सांगितलं, तशी ती नाक पुसत हसलीही. हे आणि निखिल जेवून गेल्यावर आम्ही दोघी बसलो. मी वाढून घ्यायला वाकत होते, तर तिनं माझ्या हातातून डाव काढून घेतला. "थांबा, मी वाढते. काकू, भात?" सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "थोडा." तिनं वाढलं आणि शाळेतल्या मुलीसारखी माझ्या हाताकडे टक लावून उभी राहिली.

आणि तेव्हा मला ताई दिसल्या. सगळ्यांची जेवणं आटोपली की भिंतीला टेकून बसणाऱ्या, पातेल्याचा तळ खरवडून स्वतःच्या हातानं ताटात घेणाऱ्या. "तुमच्यासाठी आहे ना?" असं मी विचारायची. "आहे ना थोडं," त्या म्हणायच्या. दुखण्यातलं त्यांचं थोडं मला कळायचं. भातातलं किती होतं, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांच्यापुढे पातेलं घेऊन कधी कुणी उभंच राहिलं नाही. त्यांचा हात कशावर आडवा आलेला मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, त्या पेजेच्या वाटीवर... मृणाल डाव धरून तशीच उभी होती. माझे हात मांडीवर होते, उचलायचं भान राहिलं नाही. तिनं आणखी वाढलं.