दोनदा शिपाई

माझ्या सासऱ्यांइतक्या लढाया घरबसल्या कुणी जिंकल्या नसतील. दर रविवारी दुपारी जेवण झालं की ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसत आणि कुठलं ना कुठलं युद्ध मारून नेत. मुरबाडला आमच्या आळीत केबल आली नव्वदचं दशक सरता सरता. पुढे तिच्यावर एक वाहिनी लागायला लागली, जुन्या लढायांचे माहितीपट हिंदीत दाखवणारी. काळेपांढरे रणगाडे, बर्फातून पाय ओढत चाललेली माणसं, मधेच नकाशा, आणि नकाशावर पुढे सरकणारे लाल बाण. सासऱ्यांचा खरा जीव त्या बाणांवर. बाण डावीकडून आला की म्हणायचे, "चूक केली. उजवीकडून घ्यायला पाहिजे होता." कुठल्या देशाचा सेनापती, कधीचा मेलेला, आणि आमच्या घरात त्याची दर रविवारी चौकशी चालायची.

सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. हे मामा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तिथं टेबलावर घंटी होती. घरी घंटी नव्हती, म्हणून ते खुर्चीच्या हातावर बोटानं दोनदा टकटक करायचे. टकटक झाली की पाणी आणायचं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला हे सासूबाईंनी शिकवलं, चहात साखर किती घालायची ते सांगावं तसं.

धाकट्या दिराचा पक्ष वेगळा. तो कंपनीतून येताना बाजारातून व्हीसीडी भाड्यानं आणायचा. चित्रांच्या पुस्तकातले वीर त्यात जिवंत झालेले असायचे. तोंडावर मुखवटा, अंगाला चिकटलेले कपडे, आणि सगळ्या शहराचा भार ह्या एकट्यावर. तेही हिंदीत बोलायचे. मग बापलेकांची जुंपायची.

"हे माकडचाळे बघून तुला काय मिळतं?" मामा विचारायचे. "आमचं खरं असतं. इतिहास असतो."

"तुमच्या खऱ्याला मागनं ढोल कोण वाजवतो मग?" दीर म्हणायचा. "आमचा निदान सांगतो तरी, मी खोटा आहे म्हणून."

खरं सांगते, दिराचा मुद्दा मला पटायचा, पण त्यालाही मी मनातल्या मनात झोडपायचे. एवढ्या इमारती पडतात त्या सिनेमांत, तो राडारोडा उचलतं कोण? मुखवटेवाला तर उडून जातो. आणि मामांच्या लढाईत लाखो माणसं जेवतात कधी, पाणी पितात कधी, हे एकदाही दाखवत नाहीत. पण माझं मत कुणी विचारलं नाही. मी आत भांडी घासत असायचे, आणि भांड्यांचा आवाज झाला की मामा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आता माझ्या वडिलांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरनंच झालं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आमचं गाव तानसाच्या बाजूला. आबा तरुणपणी सैन्यात गेले, पंधरा वर्षं राहिले, एकाहत्तरच्या लढाईला होते. परत आल्यावर माजी सैनिक म्हणून शहापूरला एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली, ती साठीपर्यंत केली. सैन्यात त्यांचा हुद्दा शिपाई, कचेरीतही शिपाई. ते स्वतःच हसून म्हणायचे, "मी दोनदा शिपाई झालो, बढती काय नाय."

माझ्या लग्नाच्या वेळी स्थळाच्या कागदावर मामेभावानं लिहिलं, वडील सेवानिवृत्त शिपाई. बस्स. मामांनी तो कागद वाचला आणि त्यांना जो शिपाई ठाऊक होता तोच त्यांनी धरला. घंटीवाला. मुलगी शिकलेली, रंगरूप बरं, म्हणून त्यांनी होकार दिला, पण वर हेही म्हणाले की शिपायाची असली तरी चालेल. हे मला नंतर सासूबाईंनीच सांगितलं, माझं कौतुक म्हणून.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सांगू बाबांना कधीतरी." त्याचं कधीतरी नऊ वर्षांत उगवलं नाही. वडिलांसमोर त्याचं तोंड शिवलेलं असायचं. मग मी का नाही बोलले? आबांनीच बजावलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "कुणी विचारलं तर सांग गो बाय. नाय विचारलं तर नको सांगू. आपण होऊन सांगितलं का ती शेखी होते." शिवाय मलाही हट्ट चढला. म्हटलं, विचारू दे की. एक माणूस आपल्या व्याह्याला एवढं विचारत नाही, की तुम्ही जन्मभर काय केलंत? बघू या किती वर्षं विचारत नाही ते.

नाही विचारलं. आमच्या गावी मामा तीनदा आले, तिन्ही वेळा ओटीवर बसून चहा घेऊन निघाले. भिंतीवरचा आबांचा सैन्यातला फोटोसुद्धा बघितला नाही.

मग तो रविवार आला. आबा किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीनं आले होते, तांदळाची पिशवी आणि वालाच्या शेंगा घेऊन. जेवणं झाली. मामांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, स्टुलावर. खुर्च्या दोनच, एक मामांची, दुसरीवर दीर. मी उंबऱ्यात उभी राहिले, कारण त्या दिवशी मला भांडी घासवत नव्हती.

माहितीपटात कुठलंसं वाळवंट होतं. मामांचं चऱ्हाट सुरू झालं. रसद कशी तोडायची, रणगाडे कुठं लपवायचे. आबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मधे मामांनी विचारलं, "काय व्याही, कसं काय वाटतं?"

आबा म्हणाले, "नकाशा चांगला काढलाय."

मामांना ते कौतुक वाटलं. पडद्यावरचा आवाज हिंदीत सांगत होता, इतके सिपाही पुढे गेले, इतके सिपाही परतलेच नाहीत. दर वाक्याला सिपाही. दिराला चेष्टा सुचली. म्हणाला, "एवढे सगळे शिपाई लढाईला गेले तर साहेबाला पाणी कोण देणार?"

मामा खो खो हसले. हसता हसता आबांकडे वळले. "तुमच्याच खात्यातले दिसतात व्याही." आणि मग, हसण्याच्या भरात म्हणा की हाडात मुरलेल्या सवयीनं म्हणा, त्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक केली. "बघा, शिपाई म्हटल्यावर तहान लागली. आणा बघू जरा पाणी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले, पण त्याआधी आबा उठले होते. स्टूल जरासुद्धा वाजलं नाही. त्या घरात ते आयुष्यात दुसऱ्यांदा आलेले, तरी कुणाला न विचारता सरळ आत गेले, माठ शोधला, तांब्या विसळला, पेला पुसला आणि पाणी आणून मामांसमोर धरलं. मामांनी घेतलं. टीव्हीवरची नजर न काढता घेतलं. नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता, तो पेपरातच राहिला.

स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले. वाटेत मला रडू आवरेना. म्हटलं, "तुमी का उठलात आबा? मी होते ना तिथं. आज सांगून टाकायचं होतं तोंडावर."

एसटी लागायची होती. बाकावर बसून आबांनी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आणि एकदाच.

"आमी वाळवंटात नवतो, नदीकडं होतो. मला पाण्याचं काम. डबे भरायचे नि पुढं न्यायचे. एक पोरगा होता आमच्यातला, त्याच्या पोटात लागलं. डॉक्टर सांगून गेला, याला पाणी द्यायचं नाय. तो माझ्याकडं पाणी मागत राहिला. माझ्या हातात डबा भरलेला. मी नाय दिलं. तो मला आईवरनं शिव्या घालत गेला." थांबून म्हणाले, "तवापासून कुणी पाणी मागितलं का मी उठतो. मागणारा कोण, त्ये नाय बघत."

"पण मामांना तहान नव्हती आबा. माज होता."

"आसंल. त्ये त्यांचं."

आबांना राग आला नव्हता. तो सगळा माझ्या वाट्याला आला आणि मी तो नीट सांभाळून ठेवला. घरी येऊन मी तो पेला वेगळा काढला आणि मामांना परत कधी त्यातून पाणी दिलं नाही. त्यांना ते कळलंही नाही.

दीड-दोन वर्षांनी आबा गेले. शेतावरनं आले, ओटीवर टेकले आणि संपलं. जलदानविधीला अंगणात मांडव घातला. आमच्या बौद्ध समाजात माणूस गेल्यावर हा विधी असतो. गेलेल्याच्या नावानं पाणी ओतायचं, गाथा म्हणायच्या, आणि मग ज्याला बोलायचं त्यानं दोन शब्द बोलायचे. त्या दिवशी विधी सांगणारे बौद्धाचार्य दुसऱ्या गावाहून यायचे होते, त्यांना उशीर झाला, म्हणून भाषणं आधी सुरू झाली.

टेबलावर आबांचा फोटो होता. गणवेशातला, छातीवर पदकं. तालुक्यातले चार माजी सैनिक आले होते, त्यांनी पुष्पचक्र ठेवलं आणि ताठ उभं राहून सलामी दिली. मामा पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. मी नजर काढली नाही. मला वाटलं, आता हा माणूस शरमेनं मान खाली घालील, आणि तसं झालं असतं तर कदाचित मी तिथंच सोडून दिलं असतं.

पण मामांनी माईक मागितला.

"आमचे व्याही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, "हे फौजी होते, याचा आम्हा कुटुंबाला पहिल्यापासून अभिमान." पहिल्यापासून. मग त्यांनी आबांना वाळवंटात नेलं. रणगाड्यांसमोर उभं केलं. डावीकडून शत्रू आला तेव्हा आबा उजवीकडून कसे गेले ते सांगितलं. त्या रविवारचा माहितीपट जसाच्या तसा, फक्त मधे माझा बाप घातलेला. दीर माना डोलवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माजी सैनिकांतला एक म्हातारा दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "आपण तर नदीकडं होतो." ते मी ऐकलं.

तेवढ्यात बौद्धाचार्य आले. घाईघाईनं आसनावर बसले, समोरचा तांब्या रिकामा पाहून म्हणाले, "कुणीतरी पाणी आणा."

माझी चुलती उठायला लागली. मी म्हटलं, "काकी, बसा."

मी टेबलाजवळ गेले. आबांच्या फोटोशेजारी बोटानं दोनदा टकटक केली. माईक चालूच होता, त्यामुळे ती टकटक अख्ख्या मांडवाला ऐकू गेली. मामांनी चमकून वर पाहिलं. तो आवाज त्यांच्याइतका कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"मामा," मी म्हटलं, "आबांनी वाळवंट बघितलं नव्हतं. ते लढाईत पाणी द्यायचे. पुढं कचेरीतपण दिलं. तुमच्या घरी येऊन तुमालापण दिलं, तुमी टकटक केलीत म्हणून. आज त्यांना पाणी द्यायचंय. आणा बघू जरा."

नवरा पुटपुटला, "अगं, काय हे." त्या दिवशी त्याच्या हातात पेपर नव्हता, म्हणून त्याला दिसलं असावं. मी त्याच्याकडे वळलेसुद्धा नाही.

मामा उठले. खुर्ची मागे सरकून खरडली. त्यांनी तांब्या घेतला आणि ओटीच्या पायरीपर्यंत गेले. तिथं त्यांचे पाय अडले. आमच्या घरात ते कधी ओटीच्या आत आलेच नव्हते. वळून त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "माठ कुठं आहे?"

"शोधा," मी म्हटलं. "आबांनी विचारलं नव्हतं."