सात नंबरची खुर्ची

आमच्या बर्फघरातली खुर्च्यांची लिफ्ट निवृत्त झाली, तेव्हा मॅनेजरने मला तिचा इतिहास लिहायला सांगितला. भिंतीवर लावायला एक पान, इंग्रजीत. मी मेकॅनिक माणूस. 'ग्रीस संपलं, मागवा' यापलीकडे मला लिहायची सवय नाही. तरी लिहून दिलं: युरोपातल्या कुठल्याशा डोंगरावरून आली, बारा खुर्च्या, प्रत्येकीवर दोन माणसं, पुष्कळ सेवा केली, खलास. मॅनेजर 'ब्यूटिफुल' म्हणाला आणि काच घालून टांगून मोकळा झाला. त्या पानात माझ्या आईचा उल्लेख नाही. खरं तर लिफ्ट बंद पाडली ती तिनेच.

हे बर्फघर दोह्यातल्या एका मॉलमध्ये आहे. बाहेर चपलेचा तळ भाजतो आणि आत आम्ही कानटोपी घालून नटांवर पाने फिरवतो. घसरायला येणाऱ्यांना उतारावर चढवण्यासाठी ही लिफ्ट: वर फिरती तार, तिला लोंबणाऱ्या खुर्च्या. तिकडच्या डोंगरावर नवी वेगवान लिफ्ट आली म्हणून हिला काढून टाकलं, आणि आम्ही पेन्शनीत निघालेल्या बाईला पुन्हा नोकरीला लावलं. निळा रंग खरवडला की खाली लाल, त्याखाली हिरवा. सात नंबरच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी बदाम कोरून त्यात दोन अक्षरं लिहिली होती. मी त्यावर तीनदा रंग मारला. बदाम हटला नाही. या खुर्च्यांना एक खोड होती. एकटं माणूस बसलं की त्या कलायच्या, मग दुसऱ्या बाजूला आम्ही वाळूची पिशवी ठेवायचो.

बाबा गेल्यानंतर आई सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे, दोह्यातल्या अल अझीझिया भागात, आली. सांगलीच्या घरी व्हरांड्यात झोपाळा आहे. संध्याकाळी दोघं त्यावर बसायची, बाबा डावीकडे, आई उजवीकडे. आई बोलायची, बाबा पेपर वाचायचे. बाबा गेले आणि आईने झोपाळा सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकला. रिकामा झोपाळा हलू नये, हे कारण. पण ती त्यावर बसतही नव्हती. बोलणंही आटलं होतं. जिने पूर्वी भाजीवाल्याला त्याच्या सासरची हकीकत विचारून हैराण केलं असतं, ती आता 'हो', 'नाही' आणि 'जेवले' एवढ्यावर दिवस काढायची. मला तिला पुन्हा झोपाळ्यावर बसलेलं बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

म्हणून तिला बर्फघरात नेलं. साडीवर भाड्याचा जाड कोट, पायात बूट, डोक्याला बाबांची माकडटोपी. आठवड्यातला मधला वार, गर्दी नव्हतीच. मी म्हटलं, "आई, बघ, दोघांचा झोपाळा. बस ना."

"मी नाही बसायची." मग ती वर बघत राहिली. "अरे, पण हे सगळे रिकामेच हलतायत!"

"लिफ्ट आहे ती, आई. फिरणारच."

"किती वेळ?"

"दिवसभर."

ती एकदम पुढे झाली. दिवसभर म्हटलं ही माझी चूक. समोरून सात नंबर डुलत येत होती. आईने घरचा झोपाळा थांबवतात तशी दोन्ही हातांनी ती धरली. खुर्ची थांबेना, आई सोडेना. तिने खुर्चीबरोबर चार पावलं टाकली तोवर मी लाल बटणावर झेप घेतली होती. भोंगा वाजला. सगळी लिफ्ट जागच्या जागी लटकली. वर नातवाला घेऊन बसलेले एक कतारी आजोबा खाली वाकून शांतपणे विचारू लागले, "खलास?"

मॅनेजर धावत आला. तो लेबनॉनचा, भला पण भडक डोक्याचा. आईने त्याला तोंड उघडू दिलं नाही. "अहो, रिकामा झोपाळा हलवू नये! घरात भांडणं लागतात. एक नाही, बारा बारा! कळत कसं नाही तुम्हाला?" कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं हे सर्वांत लांब भाषण. नोकरी गेली असं वाटत असतानाही मला बरं वाटलं.

"व्हॉट इज मामा सेइंग?"

मी म्हटलं, "लिफ्ट रिकामी चालवू नये म्हणते."

मॅनेजरचा चेहरा उजळला. रिकामी लिफ्ट फुकट वीज खाते, हेच तो कधीपासून वरच्या ऑफिसला सांगत होता. "मामा इज राइट!" त्याने आईला स्वतः चहा आणून दिला. आजोबांना उतरवायचं काम माझ्याकडे राहिलं. पुढच्या रिपोर्टात त्याने घातलं की ग्राहकही तक्रार करतात. महिन्याभरात लिफ्ट निवृत्त. मला सरकत्या जिन्यांकडे बदललं. तेही दिवसभर रिकामे फिरतात, म्हणून आईला घाबरत घाबरत विचारून घेतलं. ती म्हणाली, "जिन्यावर कोण झोके घेतं?" सुटलो.

भंगारातून मी सात नंबर मागून घेतली. लातूरकडचा एक वेल्डर ओळखीचा होता. त्याने वरचा लांब दांडा कापला, आमच्या बाल्कनीत लोखंडी कमान करून खुर्ची टांगली, स्वतः लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, बिनघोर ऱ्हावा. बिल्डिंग पडंल, ह्ये न्हाई पडायचं." बायको म्हणाली, "कपडे कुठे वाळवू, तुझ्या डोक्यावर?" आई खुर्चीला हातभर लांबून पाहून आत निघून गेली. मी फार हिरमुसलो, आणि तो राग नटबोल्टांवर काढला.

मग वारा सुटला. इकडचा शमाल एकदा सुरू झाला की तीन तीन दिवस दम खात नाही. बाल्कनीत सात नंबर रिकामी झुलायला लागली. आई हातातलं काम टाकून धावे, तिला धरे, आत येई, की ही पुन्हा सुरू. सुतळीने बांधली, सुतळी तुटली. नाडीने बांधली, नाडी तुटली. "काय अवदसा आणून ठेवलीस घरात!" मी कामावर निघालो तरी तिचं तोंड चालूच होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बाल्कनीतून आईच्या बोलण्याचा आवाज येत होता. भाजीचे भाव, मावशीचा गुडघा, सुनेचा चहा, सगळं सविस्तर. मला वाटलं फोनवर आहे. डोकावलो. ती खुर्चीत बसली होती, उजव्या बाजूला. डावीकडे कांद्यांची भलीमोठी पिशवी होती.

मला बघून ती ओशाळली. "रिकामी हलत होती म्हणून बसले. तर कलायला लागली. तुझ्या खुर्चीला एकटं माणूस चालत नाही."

"आणि बोलत कुणाशी होतीस?"

तिने पिशवीकडे बघितलं. "कांदे ऐकत नाहीत, माहितीये मला. तुझे बाबा तरी कुठे ऐकायचे?"

मग तिने पिशवी उचलून खाली ठेवली, पदराने ती बाजू पुसली आणि म्हणाली, "बस."

मी पेपर घेऊन डावीकडे बसलो.